विश्वस्त म्हणून नाव लागतंय? आजी-मामांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतलं पहिलं वर्ष

कोल्हापुरात संस्थेचं विश्वस्तपद बहुतेकांकडे ओळखीतून चालत येतं. निवृत्त मुख्याध्यापक, सीए, डॉक्टर, शिरोलीतला एखादा फौंड्रीवाला यांना कुणीतरी फोन करतं, "सर, तुमचं नाव घालूया म्हणतोय, फार काही काम नसतंय." आपण भिडेपोटी हो म्हणतो आणि सहा महिन्यांनी ऑडिटच्या कागदावर सही करायची वेळ आली की जागे होतो.

काम असतं, आणि ज्या संस्था नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसोबत काम करतात, तिथं ते जरा वेगळंही असतं. आई-वडील वारलेत, वडील वारलेत आणि आईनं दुसरं घर केलंय, आई आजारी आहे, बाप तुरुंगात आहे किंवा वर्षानुवर्षं बेपत्ता आहे. आणि मूल आजी-आजोबांकडे, मामाकडे, मावशीकडे, आत्तीकडे किंवा चुलत्याकडे राहतंय. संस्था त्या घराला हात देते. म्हणजे मूल संस्थेचं नसतं, घराचं असतं. नव्या विश्वस्तानं पहिल्या दिवसापासून हे एक सांभाळलं, तर बाकीचे बरेचसे निर्णय सोपे जातात.

हे मुद्दाम आधी सांगायला कारण आहे. कोल्हापूर हे बोर्डिंगांचं गाव. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग, आणि जातीजातींची कितीतरी वसतिगृहं त्या काळात उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शिकायला शहरात आणायचं तर तोच मार्ग होता. पण त्यामुळं आजही इथल्या दात्याच्या डोळ्यांसमोर 'मुलांसाठी काम' म्हटलं की इमारत येते. नवा विश्वस्तही पहिल्याच सभेत म्हणतो, "आपण एक छानसं वसतिगृह बांधूया की!" ज्या पोरीला आजी आहे, चूल आहे, गल्लीतल्या मैत्रिणी आहेत, तिला खाट आणि ताट देणारी इमारत नको असते. तिच्या आजीला महिन्याला चार पैसे, कागदपत्रांत मदत आणि अडल्यावेळी येणारं माणूस हवं असतं. बालन्याय कायदा २०१५ चंही हेच म्हणणं आहे: मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं निवासी ठेवायची तर त्या कायद्याच्या कलम ४१ खाली वेगळी नोंदणी लागते, आणि नोंदणीविना चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. उत्साहात चार मुलं 'आपल्या हॉलवर' ठेवणाऱ्या मंडळींना हे माहीत नसतं.

होकार देण्याआधी

चार कागद मागून घ्या. घटना व नियमावली, परिशिष्ट एकचा ताजा उतारा, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि मागच्या वर्षभरातल्या सभांची इतिवृत्तं. "अहो, ते सगळं ऑफिसात आहे, बघू की निवांत" असं उत्तर आलं, तर आपणही निवांत व्हावं. कागद हातात पडल्याशिवाय संमतीपत्रावर सही नको.

महाराष्ट्रात अशा बहुतेक संस्था दोन कायद्यांखाली नोंदलेल्या असतात: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. दुसऱ्या नोंदणीचा क्रमांक 'एफ' अक्षरानं सुरू होतो. परिशिष्ट एक म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीतला तुमच्या संस्थेचा उतारा. त्यात उद्देश, मालमत्ता, विश्वस्त नेमण्याची रीत आणि विश्वस्तांची नावं असतात. तो आधी नावांसाठी वाचा. प्रत्यक्ष सभेला बसणारी माणसं आणि परिशिष्टावरची नावं जुळतात का? पुष्कळ जुन्या संस्थांत तिथं वारलेल्या माणसांची नावं दिसतात आणि दहा-दहा वर्षं कारभार बघणाऱ्यांची दिसत नाहीत. याचा अर्थ लगेच गैरव्यवहार असा नाही, बहुतेकदा आळसच असतो. पण त्या आळसाचा हिशेब नव्या माणसालाच निस्तरावा लागतो. एकाच पदासाठी दोन गटांचे दोन बदल अर्ज (विश्वस्तांच्या नावांतला बदल नोंदवायचे अर्ज) पडून असतील तर मात्र नम्रपणे नकार द्यावा. ती भांडणं मुलांसाठी नसतात.

घटनेत चार गोष्टी शोधा: विश्वस्तांची मुदत, निवड कोण करतं (सर्वसाधारण सभा की विश्वस्त मंडळ), गणपूर्ती किती, आणि उद्देशांत बालक व कुटुंब यांचा उल्लेख आहे का. तीस वर्षांपूर्वी वाचनालय आणि व्याख्यानमालेसाठी काढलेली संस्था आज मुलांचं काम करत असेल आणि उद्देशांत त्याचा मागमूस नसेल, तर आयकर खात्यापासून देणगीदार कंपनीपर्यंत सगळीकडे प्रश्न येतात.

आणि स्वतःकडेही बघा. तुमच्या भावाचं स्टेशनरीचं दुकान संस्थेला वह्या पुरवतं का? तुमच्या नात्यातलं मूल लाभार्थी आहे का? यात पाप काही नाही, पण ते आधी लेखी सांगायचं, आणि तो विषय निघाला की सभेतून उठायचं. विश्वस्त किंवा त्यांच्या नातेवाइकांना संस्थेच्या पैशातून फायदा झाला, तर आयकराची सवलत धोक्यात येते. आणि विश्वस्तानं संस्थेकडून स्वतःसाठी उसने पैसे घेणं कायद्यानं बंद आहे. 'हातउसने, पुढच्या महिन्यात देतो' हेसुद्धा.

नाव लागेपर्यंत

सभेत टाळ्या वाजल्या, पुष्पगुच्छ मिळाला, व्हॉट्सॲपवर अभिनंदन झालं. तरी कागदोपत्री तुम्ही अजून विश्वस्त नाही. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अर्ज दाखल करावा लागतो, बदल झाल्यापासून ९० दिवसांत. त्यासोबत सभेची नोटीस व अजेंडा, ती सगळ्यांना मिळाल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठराव, तुमचं संमतीपत्र, आणि ज्यांच्या जागी तुम्ही येताय त्यांचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. मुदत उलटली तर विलंब माफीचा वेगळा अर्ज. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बदल आधी तात्पुरता मान्य करून हरकती मागवायची सोय झाली आहे, त्यामुळं अर्ज नीट असेल तर पूर्वीइतकं रखडत नाही. रखडतात ते नोटिशीच्या पुराव्याशिवायचे आणि मागून लिहिलेल्या इतिवृत्ताचे.

अर्ज वकिलाकडे दिला म्हणजे झालं असं समजू नका. अर्जाचा क्रमांक आणि पुढची तारीख स्वतःच्या डायरीत लिहून ठेवा. संस्थेला परदेशी देणगीची एफसीआरए नोंदणी असेल, तर प्रमुख पदाधिकारी बदलल्याची माहिती केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर ४५ दिवसांत वेगळी कळवावी लागते. बँकेतल्या सह्या, स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी दर्पण पोर्टल, आयकराचं लॉगिन या प्रत्येक ठिकाणी जुनं नाव अडकून बसतं. ओटीपी वारलेल्या खजिनदाराच्या मोबाइलवर जातोय, असला प्रकार ऐकायला हास्यास्पद वाटतो. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी हसू येत नाही.

आधी घरं बघा, मग ताळेबंद

नाव लागेपर्यंतचा वेळ वाया घालवू नका. क्षेत्र कार्यकर्तीसोबत दोन-तीन घरी जा. एक शहरातलं, एक इचलकरंजीकडचं यंत्रमागवाल्या वस्तीतलं आणि एक चंदगड-आजऱ्याकडचं, असं निवडलंत तर जिल्ह्याचा अंदाज येतो. चंदगड, आजरा, भुदरगडकडून मुंबई-पुण्याला गेलेल्यांची मुलं आजीकडे राहणं नवं नाही, पण तिथं पोस्टानं किंवा फोनवर पैसे येतात. आपल्या यादीतल्या घरांत ते येत नाहीत. शिरोळ-करवीरच्या पूरपट्ट्यातल्या घरांत २०१९ आणि २०२१ च्या पुरात कागदपत्रंच वाहून गेलेली असतात.

जाताना गाडी गल्लीच्या तोंडाशी लावा. खाऊचा पुडा, मोबाइल कॅमेरा आणि सल्ला, तिन्ही गाडीत ठेवा. कार्यकर्ती बोलेल, तुम्ही ऐका. मुलाला "आईची आठवण येते का रे?" असं विचारणारे महाभाग असतात; तसलं काही करू नका. आजी चहा टाकते, तो प्या, नाही म्हणू नका.

अशा घरात बसल्यावर जे कळतं, ते अहवालात येत नाही. समजा, सत्तरीची आजी आणि सातवीतली नात. पत्र्याच्या ट्रंकेत एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात लेकाचा मृत्यूचा दाखला, सुनेचा नाही, कारण सून माहेरी वारली आणि दाखला तिकडच्या ग्रामपंचायतीत. नातीच्या जन्माच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. रेशनकार्डावर पोरीचं नाव चढलेलं नाही. आजीच्या अंगठ्याचा ठसा मशिनवर उमटत नाही, त्यामुळं केवायसी अडलेलं. आणि आजी म्हणते, "सायेब, पैशाचं ऱ्हाऊ द्या, पोरीचं आधार तेवढं करून द्या बघा." तिला बरोबर माहीत असतं की सगळं कुठं अडलंय.

म्हणून मंडळाच्या सभेत 'किती मुलांना दप्तरं वाटली' हा आकडा मागण्यापेक्षा 'किती मुलांची कागदपत्रं पूर्ण झाली' हा मागा. एका मुलाच्या फायलीत काय असावं ते एकदा स्वतः बघून घ्या: जन्माचा दाखला, आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, शाळेचा बोनाफाईड, मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, गृहचौकशी अहवाल, आणि बाल कल्याण समितीचा (अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) आदेश झाला असेल तर त्याची प्रत. राज्याच्या बालसंगोपन योजनेच्या अर्जाला घरासमोर पालकासोबत काढलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटोही जोडतात. तेवढा एक फोटो कामाचा, बाकीचे फोटो कशाला, हा प्रश्न विश्वस्तानं विचारायचा.

सरकारी योजना तुम्हाला पाठ नसल्या तरी चालतील, पण दोन-तीन माहीत हव्यात, नाहीतर संस्था स्वतःच्या देणगीतून तेच काम करत राहते जे सरकारकडून हक्कानं मिळतं. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून घराला मिळणाऱ्या मदतीचे, महिन्याला ४,००० रुपये आहेत. त्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांपर्यंत असावं लागतं. बालन्याय कायद्याच्या कलम ४५ मध्ये प्रायोजकत्वाच्या निकषांत 'विस्तारित कुटुंबाकडे राहणारं अनाथ मूल' स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे आजी-मामाकडचं मूल पात्र आहे की नाही यावर कुणी वाद घालू लागलं तर ते कलम दाखवायचं. शिवाय राज्यात अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का आरक्षण आहे आणि संस्थेबाहेर, नातेवाइकांकडे वाढलेल्यांनाही अनाथ प्रमाणपत्र मिळू शकतं. ते अठरा वर्षांच्या आत काढून ठेवलं तर पुढची धावपळ वाचते.

मंजुरी आणि पैसे खात्यावर पडणं यांत महिने जातात, हप्ते तुंबतात. त्या मधल्या काळासाठी संस्थेकडे छोटा निधी हवा. माझ्या मते विश्वस्त मंडळानं जमवायचा निधी आधी हाच. इमारत निधी नंतर कधीतरी.

नात्यांतली गुंतागुंत

इथं नव्या विश्वस्ताचा तोल जातो, कारण प्रत्येकाला नात्यांबद्दल मत असतंच.

मुलाच्या बापाच्या नावावर पाच-दहा गुंठे जमीन असते. सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागतं आणि पुढं 'अ.पा.क.' (अज्ञान, म्हणजे अठराखालच्या मुलाचा, पालनकर्ता) म्हणून चुलत्याचं किंवा आजीचं. पण सांभाळणारा माणूस म्हणजे कायद्यानं पालक नव्हे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ प्रमाणं नैसर्गिक पालक आई-वडीलच. आजी, मामा, चुलता यांना तो अधिकार हवा असेल तर पालक व पाल्य कायदा १८९० खाली जिल्हा न्यायालयाचा आदेश लागतो. नुसता सांभाळ करणाऱ्याला अज्ञानाची जमीन विकता येत नाही. स्टँपपेपरवर नोटरी करून 'मूल दत्तक दिलं' असं लिहून आणणारी माणसं अजून भेटतात. तो कागद म्हणजे दत्तकविधान नव्हे. बालन्याय कायद्याखाली नातेवाइकांनी दत्तक घेण्याची रीतसर वाट आहे. त्यासाठी 'नातेवाईक' म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. २०२१ च्या दुरुस्तीपासून हा आदेश जिल्हाधिकारी देतात.

विश्वस्ताचं काम इथं न्यायनिवाडा करणं नव्हे. "चुलता जमीन लुबाडतोय" असं आजी सांगते, चुलता सांगतो "आजी पोराला भडकवते", आणि दोघंही पोराला जेवू घालत असतात. संस्था एका बाजूची वकील झाली की दुसऱ्या घराचं दार बंद होतं. मुलाचं नाव सातबाऱ्यावर लागलंय का, विम्याचे किंवा नुकसानभरपाईचे पैसे मुलाच्या नावानं ठेवीत आहेत का, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळाला का, एवढं बघावं.

सांभाळणाऱ्याचं वय हा दुसरा अवघड विषय. आजी बहात्तर, नातू नऊ. "आजीनंतर कोण?" हे कुणालाच विचारवत नाही. कार्यकर्तीनं ते हळूहळू बोलायचं असतं, आजी धडधाकट असतानाच, आणि मुलालाही विचारायचं असतं. प्रत्येक फायलीत त्या 'दुसऱ्या माणसाचं' नाव आहे का, हे वर्षातून एकदा मंडळानं तपासावं. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत आजीची घाई वेगळीच असते: "माझे डोळे मिटायच्या आत हात पिवळे होऊ देत." इथं मायेनं ऐकून घ्यायचं, पण ठाम राहायचं. अठरापूर्वी लग्न बेकायदा आहे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी, लोकांच्या तोंडी अजूनही ग्रामसेवक. कार्यकर्तीकडे त्याचा नंबर असतोच, पण लग्न मोडण्याच्या दिवशी तिच्या पाठीशी मंडळ उभं आहे हे तिला आधीच माहीत असलं पाहिजे.

मुलांची सुरक्षितता: इथं भीड नको

संस्थेचं बाल संरक्षण धोरण लेखी आहे का? असेल तर वाचा आणि त्यावर सही करा. विश्वस्तांनाही ते लागू असतं. नसेल तर तुमच्या पहिल्या वर्षाचं काम ठरलं. कर्मचारी, स्वयंसेवक, गाडीचा चालक या सगळ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. कुणीही मोठा माणूस, मग तो कितीही प्रतिष्ठित असो, मुलासोबत बंद खोलीत एकटा नाही. सहलीला मुलींसोबत महिला कर्मचारी.

पॉक्सो कायद्याप्रमाणं मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणारा माणूस संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. नात्यातल्याच माणसाचं नाव पुढं येतं तेव्हा "घरातलं घरात मिटवूया, पोरीची बदनामी नको" असा सूर सगळीकडून निघतो; कधीकधी मंडळातूनही. मिटवायचं नसतं. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आणि ११२ दोन्ही कार्यालयाच्या भिंतीवर असू द्यात.

बालन्याय कायद्याचं कलम ७४ नीट लक्षात ठेवा: काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. फेसबुकवर 'आई-वडिलांचं छत्र हरपलेली' म्हणून नाव-गावासह टाकलेला फोटो त्यात बसू शकतो. दात्याच्या वाढदिवसाला मुलांना रांगेत उभं करून वह्या वाटणं, निवडणुकीच्या हंगामात त्यांना मंचावर नेणं, हे थांबवणं विश्वस्तालाच जमतं. कार्यकर्ती दात्याला नाही म्हणू शकत नाही. ते वाईटपण तुम्ही घ्यायचं.

पैसा

सगळं सीएवर सोपवू नका, पण सीए व्हायचाही प्रयत्न नको. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, लेखापरीक्षण ३० सप्टेंबरपर्यंत. देणगीदारांचं विवरण, म्हणजे फॉर्म १० बीडी, ३१ मेपर्यंत. ते चुकलं तर देणगीदाराला ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची, वजावट मिळत नाही आणि पुढच्या वर्षी तो तुमचा फोन उचलत नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नाहीच. १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी) आणि ८०जीच्या नोंदण्या बहुधा पाच वर्षांच्या असतात. तुमच्या कधी संपतात ती तारीख विचारून घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलतात, त्यामुळं जुन्या फायलीतले आकडे सीएकडून एकदा पडताळून घ्या.

ताळेबंदात तीन ठिकाणी बोट ठेवा. हातावरची रोख शिल्लक मोठी दिसते का? ॲडव्हान्स किंवा येणे रकमेत वर्षानुवर्षं तीच नावं आहेत का? आणि विशिष्ट कामासाठी आलेली देणगी त्याच कामाला गेली का, की दिवाळीच्या बोनसला वापरून 'नंतर भरू' म्हणून ठेवली? मुलांच्या शिष्यवृत्तीचे पैसे थेट मुलाच्या खात्यावर जायला हवेत. रोखीनं पाकिटात घालून, मंचावर बोलावून नव्हे. संस्थेची जागा विकायचा किंवा तीन वर्षांहून जास्त काळ भाड्यानं द्यायचा विषय निघाला तर विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलंच, तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालंय, पूर्वीसारखी मुंबई गाठायला नको. तरी तिथं जायची वेळ येऊ नये हेच बरं.

प्रश्न विचारायला लाजू नका. "हे मला कळलं नाही, परत सांगा" असं म्हणणारा एक विश्वस्त मंडळात असला की हिशेबनीस पुढच्या वेळी व्हाउचर लावूनच येतो.

सभेत बसताना

पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. बहुतेक ठिकाणी "वाचलंय की सगळ्यांनी, कायम!" म्हणून तो अर्ध्या मिनिटात उरकतो. तुम्ही मात्र आधी मागवून, घरी वाचून या. ठरावात रक्कम, सूचक, अनुमोदक आणि तुमचा विरोध असेल तर तो नोंदलाय का ते बघा. पुढं वाद झाला तर तुम्ही तोंडी काय बोललात याला किंमत नाही, प्रोसिडिंगमध्ये काय लिहिलंय त्याला आहे. कोऱ्या जागा सोडलेल्या हजेरीपुस्तकावर सही करू नका. आणि मोठ्या खर्चाचा विषय 'आयत्या वेळच्या विषयांत' आला, तर पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घ्या म्हणा.

पहिल्या दोन-तीन सभांत जास्त ऐका. पण गप्प बसण्याची सवय लागू देऊ नका. ज्येष्ठांपुढं बोलायचं नाही या आपल्या वळणामुळं कितीतरी चुकीचे ठराव एकमतानं मंजूर झालेत. ज्येष्ठांना आधी घरी जाऊन भेटा, शंका तिथं बोला, मग सभेत मांडा. कोल्हापुरात हे चालतं आणि त्यात कमीपणा नाही.

कार्यकर्तीला थेट फोन करून "अमक्या घरी उद्या जा" असं सांगणं टाळा. तिला काम सांगायला व्यवस्थापक आहे. तुमच्या गल्लीतल्या ओळखीच्या मुलाचं नाव यादीत घालायचं असेल तर त्यालाही बाकीच्यांसारखाच अर्ज, तीच गृहचौकशी. आणि तिचा पगार वेळेवर होतो का, प्रवासभत्ता आजच्या पेट्रोलच्या दरानं आहे का, हे वर्षातून एकदा मंडळात विचारा. गगनबावड्याच्या घाटाकडं पावसाळ्यात दुचाकीवर जाणाऱ्या बाईची काळजी कुणीतरी करायला हवी. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही लागते.

वर्षभरात एकच काम अंगावर घ्या, पण पुरं करा. वकील असाल तर मुलांच्या वारस नोंदी. बँकेतून निवृत्त झाला असाल तर अडकलेली केवायसी. डॉक्टर असाल तर सांभाळणाऱ्या आजी-आजोबांची तपासणी, कारण त्यांचा बीपी-शुगर हा मुलाच्याच भवितव्याचा भाग आहे. शिक्षक असाल तर दहावीतल्या मुलांचे फॉर्म आणि त्यावरची नावं. 'सगळ्यांत लक्ष घालतो' म्हणणारा विश्वस्त मार्चपर्यंत कशातच दिसत नाही.

थांबायचं असेल तेव्हा

तब्येत, बदली, मतभेद, काहीही कारण असो, सभेला येणं हळूहळू बंद करून जाऊ नका. तुमचं नाव परिशिष्टावर असेपर्यंत जबाबदारी तुमच्यावर असते, आणि गैरकारभार झाला तर धर्मादाय आयुक्त त्याच अधिनियमाच्या कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित करू शकतात, पदावरून काढूही शकतात. लेखी राजीनामा द्या, त्याची पोच घ्या, तो सभेत मंजूर झाल्याच्या ठरावाची प्रत मागा. बँकेतली सही रद्द करून घ्या, लॉगिन आणि फायली कुणाकडे दिल्या ते लिहून ठेवा, मोबाइलमधले मुलांचे फोटो आणि कागदांच्या पीडीएफ पुसून टाका. आणि तुमच्या जाण्याचाही बदल अर्ज ९० दिवसांत दाखल झाला का, हे धर्मादाय कार्यालयात एक चक्कर मारून स्वतः बघून या.